तलम खादीवर क्रॉस स्टिच: गाठ न मारता धागा पक्का कसा करायचा?

क्रॉस स्टिचचा मोर पूर्ण झाला. फोटो काढला, स्टेटसला लावला, सगळ्यांनी 'मस्त' म्हटलं. मग कापड धुतलं, मागून इस्त्री फिरवली आणि उलटून पाहिलं, तर मोराच्या पिसाऱ्याशेजारी गाठींचे बारीक उंचवटे उठलेले. पांढऱ्या कापडातून मागचा निळा धागा रेघेसारखा दिसतोय. एका कोपऱ्यात तर दोन फुल्या सुटून धागा लोंबतोय.

महिनाभराचं काम असं बिघडतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा डिझाइनचा किंवा दोऱ्याचा नसतो. दोष असतो तो धागा कुठे सुरू केला आणि कुठे संपवला, यात. जाड मॅटीच्या कापडावर ही चूक खपून जाते. तलम कापडावर ती लपत नाही.

वर्धा जिल्ह्यात तर हा प्रश्न आणखी जवळचा आहे, कारण इथलं ओळखीचं कापड म्हणजे खादी. त्यावर भरतकाम करून रुमाल, कुर्त्याचे गळे, टेबलक्लॉथ विकायचे असतील, तर मागची बाजू सांभाळावीच लागते. गिऱ्हाईक कापड हातात घेतं आणि आधी उलटून बघतं.

वर्धा आणि खादीचा संबंध काय?

वर्ध्याजवळच्या सेगावात महात्मा गांधी 1936 साली राहायला आले. पुढे याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्यातल्या मगनवाडीतून चालायचं. तिथेच 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. चरखे, टकळ्या आणि ग्रामोद्योगाची साधनं तिथे पाहायला मिळतात.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून 'नई तालीम'ची कल्पना पुढे आली. मुलांनी हाताच्या कामातून शिकावं आणि ते काम विकण्याच्या लायकीचं असावं, असा त्यामागचा विचार होता. सूतकताई हे त्यातलं महत्त्वाचं काम होतं.

खादी म्हणजे हातानं कातलेल्या सुतापासून हातमागावर विणलेलं कापड. 1956 च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यातही खादीची व्याख्या अशीच आहे. सूत सुती, रेशमी किंवा लोकरी असू शकतं, पण ते हातानं कातलेलं हवं. ही एक गोष्ट क्रॉस स्टिच करणाऱ्याच्या सगळ्या अडचणींच्या मुळाशी आहे.

हातकताईच्या कापडावर अडचण कुठे येते?

क्रॉस स्टिच हे मोजून करायचं भरतकाम आहे. प्रत्येक फुली सारख्या मापाच्या चौकोनात बसली, तरच चित्र नीट उमटतं. त्यासाठी बाजारात मॅटी किंवा आयडा कापड मिळतं. त्यात चौकोन आधीच विणलेले असतात. 14 काउंटचा आयडा म्हणजे एका इंचात 14 चौकोन. तिथे फुली साधारण 1.8 मिलिमीटरची होते.

तलम कापडात असे तयार चौकोन नसतात. तिथे कापडाचे धागेच मोजावे लागतात. बहुतेक जण दोन उभे आणि दोन आडवे धागे मिळून एक फुली घेतात. एका इंचात 40 धागे असतील, तर इंचात 20 फुल्या बसतात आणि एक फुली सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. एवढ्या लहान फुलीमागे गाठ लपवायला जागाच नसते.

खादीत आणखी एक गोष्ट असते. हातानं कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांत आणि बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यांत संख्या सारखी असेलच असं नाही. समजा, एका इंचात उभे धागे 40 आणि आडवे धागे 36 आहेत. डिझाइन 80 फुल्या रुंद आणि 80 फुल्या उंच आहे. दोन-दोन धाग्यांवर काम केलं, तर 160 उभे धागे 4 इंचात संपतील आणि 160 आडवे धागे मात्र जवळजवळ साडेचार इंच घेतील. कागदावरचा चौरस कापडावर उभट होईल.

म्हणून काम सुरू करण्याआधी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. खादी पहिल्या धुण्यात आटते आणि खळही निघून जाते. मग पट्टी ठेवून तीन वेगवेगळ्या जागी एका इंचातले उभे-आडवे धागे मोजायचे. फरक थोडा असेल, तर उभट दिसलं तरी चालेल असं डिझाइन निवडायचं. झाड, समई, वेलबुट्टी यांचं काही बिघडत नाही. वर्तुळ किंवा चेहरा मात्र लगेच वाकडा दिसतो.

गाठ मारली तर बिघडतं काय?

साधी शिलाई करताना धाग्याच्या टोकाला गाठ मारायची सवय सगळ्यांनाच असते. तलम कापडावर ही सवय चार कारणांनी महागात पडते.

पहिलं, गाठ निसटते. विरळ विणीच्या कापडात दोन धाग्यांमधलं छिद्र गाठीपेक्षा मोठं असू शकतं. धागा जरा ओढला की गाठ पुढच्या बाजूला येते.

दुसरं, गाठ उठून दिसते. इस्त्रीखाली किंवा फ्रेममध्ये ताणल्यावर मागची गाठ कापडाला पुढे ढकलते आणि तिथे फोडासारखा उंचवटा येतो.

तिसरं, गाठीवर सगळा ताण एकाच जागी येतो. हातकताईच्या सुताला पीळ कमी असेल, तर धुताना पिळल्यावर गाठीशेजारचं सूत तुटतं आणि तिथे भोक पडतं.

चौथं, गाठ टोचते. कुर्त्याचा गळा किंवा बाळाचं झबलं असेल, तर ती थेट अंगाला घासते.

म्हणून तलम कापडावर धागा गाठीनं अडकवायचा नाही, घर्षणानं अडकवायचा. टाक्यांच्या खाली दाबलेला किंवा कापडाच्या धाग्याला विळखा घातलेला दोरा गाठीशिवायही पक्का बसतो. धारवाड भागातली कसुती याचं जुनं उदाहरण आहे. इरकली साड्यांवर दिसणारं हे भरतकाम धागे मोजून करतात आणि त्यात गाठ मारत नाहीत. त्यातला 'मेंथी' टाका म्हणजे एक प्रकारची फुलीच.

सुरुवात कशी करायची?

भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. तलम कापडावर त्यातले एक किंवा दोनच पदर वापरतात. किती पदर घेतले, यावर सुरुवातीची पद्धत ठरते.

1. लूपची सुरुवात. दोन पदरांनी भरायचं असेल, तर ही सर्वात सोपी पद्धत. एकच पदर साधारण 90 सेंटिमीटर लांब कापायचा आणि मधोमध दुमडायचा. दोन्ही सुटी टोकं एकत्र सुईत ओवायची. आता दुसऱ्या टोकाला आपोआप लूप तयार झालेला असतो. सुई मागून वर काढायची, पण लूप मागेच राहू द्यायचा. फुलीचा पहिला तिरका टाका घेऊन सुई मागे गेली की ती लूपमधून काढून हलकेच ओढायची. धागा जागच्या जागी अडकतो. ना शेपूट राहतं, ना गाठ.

याला दोन मर्यादा आहेत. पदर दोन, चार असे सम संख्येत हवेत. आणि रंग बदलत जाणारा, छटांचा दोरा असेल तर ही पद्धत टाळावी, कारण दुमडल्यावर दोन वेगळ्या छटा शेजारी येतात.

2. लांबची गाठ. इथे गाठ मारायची, पण ती तात्पुरती असते. टोकाला गाठ मारून सुई कापडाच्या पुढच्या बाजूनं खाली घालायची, तीही पहिल्या फुलीपासून सात-आठ सेंटिमीटर दूर. गाठ पुढेच, डोळ्यांसमोर राहते. मग काम सुरू करायचं. काही फुल्या झाल्या की गाठ कापायची, मागचं शेपूट सुईत ओवायचं आणि तयार टाक्यांखालून फिरवून पक्कं करायचं. एकच पदर असेल तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते.

3. वाटेतली गाठ. हीच पद्धत, पण गाठ टाके ज्या दिशेनं जाणार त्याच ओळीत साधारण एक इंच पुढे ठेवायची. टाके पुढे सरकताना मागचा धागा आपोआप त्यांच्याखाली दाबला जातो. फुल्या गाठीजवळ पोचल्या की ती पुढून कापून टाकायची. शेपूट वेगळं फिरवावं लागत नाही. फक्त कापण्याआधी कापड उलटून बघायचं. मागचा धागा खरंच चार-पाच टाक्यांखाली सापडला आहे ना, याची खात्री करायची.

4. पिन टाका. तलम कापडासाठी ही सर्वात कामाची पद्धत आहे. एकट्या पडलेल्या फुल्या, आकाशातल्या चांदण्या, सुट्या बिया अशा ठिकाणी आजूबाजूला टाकेच नसतात. मग शेपूट दाबायचं कशाखाली? इथे धागा त्या एका फुलीच्या खालीच पक्का करायचा.

फुली दोन धागे रुंद आणि दोन धागे उंच असेल, तर तिच्या चौकोनाच्या मध्यभागी एक छिद्र असतं. मागे एक-दीड सेंटिमीटर शेपूट सोडून सुई फुलीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर काढायची आणि मधल्या छिद्रातून खाली घालायची. पुन्हा त्याच कोपऱ्यातून वर, पुन्हा मधल्या छिद्रातून खाली. शेपूट मागे बोटानं धरून ठेवायचं. दोन वेळा केलं की दोऱ्याचा कापडाच्या धाग्यांना घट्ट विळखा बसतो. शेपूट हलकं ओढून बघायचं. सरकत असेल तर तिसरा फेरा घ्यायचा. मग नेहमीसारखी पूर्ण फुली घालायची. खालचे बारीक टाके तिच्याखाली झाकले जातात. शेवटी मागचं शेपूट कापडालगत कापायचं.

धागा संपवायचा कसा?

दोरा आठ-दहा सेंटिमीटर उरला की थांबायचं. अगदी टोकापर्यंत भरत गेलं, तर सुई फिरवायला धागाच उरत नाही.

शेजारी भरपूर टाके असतील, तर सुई मागच्या बाजूनं चार-पाच टाक्यांखालून सरकवायची. सुई फक्त टाक्यांखालून जायला हवी, कापडात घुसता कामा नये. मग शेवटचा टाका सोडून उलट फिरायचं आणि त्यातल्याच दोन-तीन टाक्यांखालून परत यायचं. या वळणामुळे गुळगुळीत दोराही निसटत नाही. ओढायचं मात्र बेतानं. जोरात ओढलं, तर पुढच्या फुल्या आवळल्या जातात आणि कापडावर चुणी पडते.

शेजारी टाके नसतील, तर शेवटही पिन टाक्यानंच करता येतो. शेवटच्या फुलीचे पाय सुईच्या टोकानं जरा बाजूला सारून सुई फुलीखालून वर काढायची, कापडाच्या एका धाग्यावरून खाली घालायची. असं दोनदा केलं की धागा मागून कापायचा.

पुढून रेघ दिसू नये म्हणून काय करायचं?

तलम कापडाच्या मागे असलेलं सगळं प्रकाशात पुढून दिसतं. त्यामुळे टोक पक्कं आहे एवढंच पुरत नाही, ते कुठे आहे हेही महत्त्वाचं ठरतं.

गडद रंगाचं टोक गडद रंगाच्या टाक्यांखालीच लपवायचं. काळा धागा पांढऱ्या किंवा पिवळ्या फुल्यांखालून नेला, तर त्या मळकट दिसतात. उलट बाजूनंही जपायचं. पांढरा धागा लाल टाक्यांखालून ओढला, तर लाल तंतू त्याला चिकटून येतात.

एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मोकळ्या कापडामागून धागा ओढत नेणं, ही सर्वात मोठी चूक. मॅटीवर हे चालून जातं. तलम पांढऱ्या खादीवर दोन-तीन फुल्यांपेक्षा जास्त मोकळी जागा असेल, तर तिथे धागा संपवून पलीकडे नवा सुरू करायचा. वेळ जातो, पण रेघ दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. दर थोड्या वेळानं कापड खिडकीसमोर धरायचं. जे दिसेल ते फ्रेममध्येही दिसणार आणि अंगावरही. चूक तेव्हाच कळली, तर दहा फुल्या उसवाव्या लागतात. शेवटी कळली, तर अख्खं काम.

कापडाचे धागे मोजताच येत नसतील तर?

घट्ट विणीच्या खादीत धागे डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. अशा वेळी वेस्ट कॅनव्हास कामी येतो. ही चौकोनी जाळी कापडावर कच्चे टाके घालून बसवायची. जाळी आणि कापड दोन्हींतून सुई नेत फुल्या भरायच्या. काम झालं की जाळी ओलसर करायची आणि तिचा एकेक धागा चिमट्यानं ओढून काढायचा.

इथे टोकांची काळजी दुप्पट घ्यावी लागते. जाळीचे धागे ओढताना फुल्यांवरही ताण येतो आणि कच्चं टोक त्याच वेळी सुटतं. टाक्यांखालून जाताना सुई जाळीच्या धाग्यातून गेली, तर ती जाळी निघतच नाही. म्हणून टोकं कापडाच्या मागच्या बाजूलाच, टाक्यांखाली फिरवायची. सुईही बदलावी लागते. मोजता येणाऱ्या विरळ कापडावर 26 किंवा 28 नंबरची बोथट सुई चांगली, कारण ती कापडाचे धागे चिरत नाही. वेस्ट कॅनव्हाससह घट्ट खादीवर मात्र टोकदार सुई लागते.

खादी नैसर्गिक रंगात रंगवलेली असेल, तर जाळी ओली करण्याआधी कापडाचा एक कोपरा पाण्यात बुडवून रंग जातो का, ते बघून घ्यायचं. हीच चाचणी लाल, मरून, गडद निळ्या दोऱ्याचीही करायची.

कुठे कोणती पद्धत?

फ्रेमसाठीचं चित्र असेल आणि दोन पदर असतील, तर लूपनं सुरुवात आणि टाक्यांखालून शेवट, एवढं पुरतं. एका पदरानं सलग भराव असेल, तर वाटेतली गाठ सोयीची. सुट्या फुल्या आणि दोन्ही बाजूंनी दिसणारा रुमाल असेल, तर पिन टाका. कुर्त्यासाठी टोकं पक्की केल्यावर मागून मऊ, चिकटणारं अस्तर इस्त्रीनं बसवलं, तर अंगाला टोचत नाही आणि टाकेही घासले जात नाहीत.

नक्की काय टिकतं, हे घरच्या घरीही कळू शकतं. त्याच खादीचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा. त्यावर पाच-पाच फुल्यांच्या पाच ओळी भरायच्या. चार ओळी वरच्या चार पद्धतींनी सुरू करायच्या, पाचवी गाठ मारून. तुकडा घरच्या कपड्यांबरोबर तीनदा धुवायचा, मागून इस्त्री करायची आणि खिडकीसमोर धरायचा. कुठे उंचवटा आला, कुठे रेघ दिसते, कुठलं टोक सुटलं, हे लगेच समजतं.

या तुकड्यासाठी एक दुपार जाते. पण विकायला ठेवलेला रुमाल पहिल्या धुण्यात उसवला, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. भरतकामाची मजुरी आधीच कमी असते. त्यात केलेलं काम पुन्हा करावं लागलं, तर हातात काहीच उरत नाही. म्हणून पुढची फुली मोजण्याइतकंच लक्ष मागच्या टोकाकडे द्यायचं.